बाभळीच्या सावलीतली नवी गाडी

गाडी पुसताना टपावरच्या पोच्यांत फडकं अडखळलं की मला मसाट गावच्या कारखान्यावरची ती जुनी दुपार आठवते. कारखान्याबाहेर सावली देणारी एकच बाभूळ होती, म्हणून खालचे काटे पायाने बाजूला सारून मी माझी नवीकोरी गाडी मोठ्या कौतुकाने तिच्याखाली लावली. जेवून येतो तर टपावर दोन शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून निवांत शेंगा खात होत्या. मी डबा आपटत ओरडलो, तर बुंध्याला टेकलेली त्यांची मालकीण माझ्यावरच खेकसली, "हळू रे भाऊ, दचकून पडतील ना!" आता मी गाडी भर उन्हात लावतो, आणि ती बाई दिसली की हटकते, "सावलीत का नाय लावत? वरच्या शेंगा सगळ्या वाळून चालल्या."