भिंतीवरची काजळी

हॉलच्या कोपऱ्यात माझं घरचं ऑफिस करायचं होतं, पण ते ऑफिस वाटता कामा नये, असा माझा हट्ट. मोबाइलवरचे फोटो दाखवत मी सुतार शंकररावांच्या मागे उभी होते. ते मात्र फोटो सोडून भिंतच बघत होते. मग वाकले आणि तिथल्या फिकट काळ्या डागावरून त्यांनी बोट फिरवलं.

"ताई, गणपती इथंच बसतो ना तुमच्याकडं?"

मी थक्क झाले. खुर्ची, उजेड, वायरी, महिनाभर सगळ्याचा विचार केला होता; समईची ही काजळी मात्र कधी दिसलीच नव्हती.

"मग टेबल बिजागऱ्यांवर घेऊ. गणपतीत भिंतीला मिटवून टाकायचं."

इतकी वर्षं या घरात मी राहते, आणि ते वाचलं पहिल्यांदाच आलेल्या माणसानं, एका बोटानं.

रंगाऱ्याला तो डाग मी झाकू दिला नाही. रोज सकाळी टेबल उघडलं की तो लॅपटॉपच्या वर दिसतो. कुणीतरी आपली जागा वर्षभरासाठी माझ्याकडे सोपवून गेलंय, असं वाटतं. आणि कामाला बसण्याआधी मी पायातल्या सपाता काढून बाजूला ठेवते.