मान मोडणारे हात

न्हाव्याच्या हाताला गुण होता, असं अख्खी गल्ली म्हणायची. दाढी झाली की तो गिऱ्हाइकाची हनुवटी एका तळव्यात घ्यायचा, दुसरा हात डोक्यावर ठेवायचा आणि गप्पांच्या भरात मान अशी फिरवायचा, की कटकन आवाज यायचा अन् माणूस हलका होऊन उठायचा. शेजारच्या दुकानात त्याचा थोरला भाऊ शिंपीकाम करायचा. त्याची मान तर दर पंधरा दिवसांनी ठरलेली.

एकदा दादा म्हणाला, "अरे, बोटांना मुंग्या येतात. सुईत दोरा ओवता येईना."

"म्हातारा झालास! बस, आज दोनदा मोडतो."

दुसऱ्या खेपेला दादा कळवळला. न्हावी हसला. आठवड्याभरात दादाच्या हातून कात्री निसटू लागली, पाय लटपटू लागला.

मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी मानेचा फोटो दाखवला. कवटी जिथे मानेवर टेकते, तिथे पाण्याने भरलेली द्राक्षाएवढी गाठ मज्जारज्जूला रेटत बसली होती.

"ती काढायला तोंडातून गेलं तर वाट जवळची, पण जंतूंची. पाठीमागून सरळ जायचं तर मज्जारज्जू बाजूला सारावा लागेल, तो धोका नको. गाठ पुढे, डाव्या अंगाला आहे. म्हणून कानामागून तिरकं जाऊ."

न्हाव्याने दबकत विचारलं, "मान मोडल्याने झाली का?"

"गाठ जुनीच आहे. पण अशा मानेला झटके? नशीब, चालत आले."

न्हाव्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

ऑपरेशनच्या सकाळी केस काढायला हॉस्पिटलचा माणूस आला. दादाने हात आडवा केला. "माझ्या डोक्याला घरचाच हात लागेल."

मशीन न्हाव्याच्या हाती आलं. डाव्या कानामागे ते फिरवताना त्याला तोच तळवा, तीच हनुवटी आठवली. त्याने मशीन थांबवलं.

"दादा, तू कळवळलास आणि मी हसलो रे."

"आणि तो आवाज ऐकायला दर खेपेला कोण यायचं? गप. बाई तिरक्या जाणार आहेत, तू तरी सरळ भादर."

गाठ निघाली. दादा चालू लागला, पण अंगठा बधिरच राहिला. तेव्हापासून न्हावी दुकान उघडण्याआधी दादाच्या बारा सुया ओवून ठेवतो. मान मात्र कुणाचीच मोडत नाही. गिऱ्हाइकं टोमणे मारतात, "हात आखडला वाटतं?" तो म्हणतो, "आखडला."

परवा दादाने एका सुईतला दोरा उपसून काढला. "सर बाजूला."

पहिल्यांदा हुकलं. दुसऱ्यांदाही. न्हाव्याचा हात पुढे झाला, तसा दादाने डोळे वटारले. चौथ्या खेपेला दोरा गेला.

"उद्यापासून अकराच ओव," दादा म्हणाला.

न्हाव्याने मान हलवली. जपून, अगदी हळू.