मोहापुढे एकच शब्द

सरांनी माझा कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि 'मोह' या झाडाच्या नावापुढे एकच शब्द टाईप केला. दारू.

सगळा वर्ग हसला.

गडचिरोलीतला कॉम्प्युटर क्लास होता तो. पायथन नुकतंच शिकवायला घेतलं होतं. पहिला प्रकल्प डिक्शनरीचा, म्हणजे एकेका नावापुढे त्याची माहिती ठेवायची. मी धानोऱ्याकडची. मी झाडं घेतली. पण मोहापुढे एका शब्दात काय लिहिणार? पुस्तक वाचून मी तिथे अख्खी यादी ठेवायला शिकले. ताजी फुलं, वाळवलेली फुलं, बैलांचा खुराक, फळांची भाजी, बियांचं तेल, औषधाची साल, सावली. शेवटी दारू. ती मी लपवली नव्हती.

यादी बाबांची होती. आमच्या गावात मोहाची झाडं घरागणिक ठरलेली. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. हंगामात बाबा आमच्या झाडाखालची जागा झाडून ठेवायचे. त्या वर्षी फुलं पडायच्या आधीच ते हिवतापानं गेले. तीन आठवडेच झाले होते.

"एवढं कशाला लिहिलंस?" सर म्हणाले. "मोह म्हणजे काय, ते बापाला विचार."

मागून एक मुलगी हळूच बोलली, "सर, तिचा बाप मेला ना."

"दारूनंच ना?" सरांनी विचारलं.

त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. आजही लवंग चावणारा माणूस जवळ आला की मी उठून दुसरीकडे बसते.

त्यांनी प्रोग्रॅम चालवला. मोह विचारला. दारू आली. यादीत एक शब्द वाढवायची रीत वेगळी असते. त्यांनी यादीच्या जागीच शब्द ठेवला होता. आधीचं सगळं गेलं. त्याच नावापुढे नवं ठेवलं की जुनं पुसलं जातं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

मी कीबोर्ड परत ओढला. पहिल्यापासून टाईप करू लागले. चुकलं की खोडायचं, पुन्हा लिहायचं.

"नापास करीन," ते म्हणाले.

"करा. माह्या बाबानं सांगतलेलं आहे हे. एक बी शब्द कमी नाई होणार."

मी शेवटच्या शब्दापर्यंत टाईप केलं. त्यांनी नापास करून शेरा दिला, 'विषय समजलेला नाही.'

पुढच्या हंगामात बाबांच्या झाडाखालची जागा मी झाडली. फुलं वेचून झाली आणि त्याच क्लासात, त्याच माणसापुढे पुन्हा नाव घातलं. प्रकल्प तोच. मोह. पुढे अख्खी यादी.

पुन्हा नापास करा. मी पुन्हा येईन.