अभ्यासासाठी ऐकलेली गाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही—आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे काय दिव्य आहे, ते तिला ओळखणारेच जाणोत. तुम्ही हसाल. हसा बापा, खुशाल हसा. अर्ध्या गोष्टीचं मलाही हसूच येतं. उरलेल्या अर्ध्याचं काय करावं, ते मात्र अजून कळलेलं नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. बोरी अरबच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. नवा होतो, आणि विद्वत्तेची खुमखुमी भारी. एकदा नागपूरला मित्राकडे एक इंग्रजी त्रैमासिक हाती लागलं. त्यात एका जर्मन तत्त्वज्ञाच्या विचारांवर लेख—कला, संस्कृती, समाज, त्यानं काही म्हणून सोडलं नव्हतं. लेख वीस पानांचा. मी चार वाचली, तोवर गाडीची वेळ झाली. अंक पिशवीत टाकला, तो तिथंच राहिला.

पण ती चार पानं काय होती म्हणून सांगू! तो म्हणायचा, आजची लोकप्रिय गाणी कारखान्यात तयार होतात. आमच्या जिनिंग-प्रेसिंगमधून रुईच्या गाठी निघतात ना—एकाच मापाच्या, वरचा शिक्का तेवढा वेगळा—तशी. आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हे मी माझ्या आवडीनं निवडलं!

आता खरं सांगतो. त्याच दिवसांत शाळा सुटली की मी रोज उस्मानभाईच्या दुकानात जाऊन बसायचो. शिलाई मशीन, स्टोव्ह, रेडिओ, समोर येईल ते दुरुस्त करणारा माणूस. त्याच्याकडे ग्रामोफोन होता, बॅटरीवरचा भोंगा होता, आणि सिनेमाच्या गाण्यांच्या दोन पेट्या रेकॉर्डी. आसपासच्या गावांत त्याच्या भोंग्याशिवाय लग्न लागत नसे. एक विरहाचं गाणं तर असं होतं, की माझे डोळे भरून यायचे—आणि तो भला माणूस तेवढा वेळ मुद्दाम मशीनमध्ये डोकं घालून बसायचा.

मग गणपतीत माझं व्याख्यान ठेवलं. बोललो—काय बोललो! ‘मूळ जर्मन ग्रंथात तो म्हणतो,’ असंही ठोकून दिलं. मूळ ग्रंथ? मी त्याचा पुठ्ठासुद्धा पाहिला नव्हता. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणूस चढतो हो! मी म्हणालो, असली गाणी वाजवणारा माल विकतो, आणि ती ऐकून डोळे पुसणारा निव्वळ बावळट. उस्मानभाई दुसऱ्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा सदरा घालून, आपल्या सरांचं व्याख्यान म्हणून खास आलेला. सगळे वळून त्याच्याकडे पाहून हसले. तोही हसला.

तो बावळट मीच, असं तिथं म्हणता आलं नसतं का? काय बिघडलं असतं? लोक मला हसले असते, एवढंच ना?

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं. टोमणा नव्हता, मनापासून विचारलं, “मंग सर, तुमी रोज कायले येता जी?”

आणि मी—पापणीही न लववता—म्हणालो, “अभ्यासासाठी.”

त्याला ते पटलं. पूर्ण पटलं—सरांना असली गाणी मनातून आवडत नाहीत, हेसुद्धा! त्या दिवसापासून मी दुकानाची पायरी चढलो की तो रेकॉर्डवरची सुई उचलायचा. वडीलधारं माणूस आलं की बिडी लपवतात, तसं. मी बसायचो, चहा प्यायचो, आणि गाण्यासाठी जीव नुसता कासावीस व्हायचा. लावा ना, उस्मानभाई—एवढंच म्हणायचं होतं. चार वर्षांत ते तोंडातून निघालं नाही. लाज, दुसरं काय!

मधे कधीतरी तो लेख मी पूर्ण वाचला. पुढच्या सोळा पानांत काय होतं, सांगू? त्या जर्मन माणसाचा राग कारखान्यावर होता. दिवसभर राबून संध्याकाळी गाणं ऐकणाऱ्याला तो हसला नव्हता. हसलो होतो मी.

पुढं त्याच्या थोरलीचं, शमीमचं, लग्न निघालं. दुपारी मी पोचलो तर मांडव गप्प. भोंगा खांबाला बांधलेला, पण आवाज नाही. स्वतःच्या लग्नात वाजवायच्या रेकॉर्डी शमीमनं कधीच्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या म्हणे, आणि आता ती आत रुसून बसली होती. उस्मानभाईनं मला हाताला धरून पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवलं. चेहरा आनंदानं फुललेला.

“पोरगी लय मांगं लागली होती, सर. पन म्या म्हनलं, आपले सर येऊन राह्यले. एक बी रेकॉर्ड लागनार नाही!”

आणि तो माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. बॅटरी भरलेली होती. रेकॉर्डींची पेटी तिथंच, हाताच्या अंतरावर.

“चांगलं केलंत, उस्मानभाई,” मी म्हणालो, आणि जेवायला बसलो.