बिनअक्षराचं नाणं

देगलूरच्या बसस्टँडवर बाबांनी खिशातली सगळी चिल्लर माझ्या ओंजळीत ओतली. "ठेव. हैदराबादला जाईस्तोवर चहापाण्याला लागंल." लग्न होऊन चारच महिने झाले होते, नवरा आधीच बहारीनला गेलेला, आणि विमान हैदराबादहून, कारण आम्हाला मुंबईपेक्षा तेच जवळ. बस हलली तशी बाबांनी भर स्टँडवर हाळी दिली, "जय भीम, वर्षा!" सगळ्या माना वळल्या. मीही खिडकीतून डोकं काढून तेवढ्याच जोरात ओरडले, "जय भीम, बाबा!" शेजारच्या बाईनं कानावर पदर घेतला. मला मात्र लाज वाटली नाही. लाज मी नंतर शिकले, इथे येऊन.

तुम्ही जे तिकडे राहिलात, तुम्हाला वाटत असेल, परदेशात कोण विचारतंय! अरबांना खरंच काही पडलेलं नाही. त्यांच्या लेखी मी हिंदी, म्हणजे भारतीय, खलास. विचारतात ते आपलेच. इथल्या मआमीर गावाजवळच्या एका कंपनीत अकाउंट्सला लागले, हौसेनं मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेले, आणि हातात वड्याची प्लेट पडायच्या आत प्रश्न आला, "मूळच्या कुठल्या तुम्ही? आडनाव काय म्हणालात?" हे कशासाठी विचारतात ते माझ्यासारख्या इकडे आलेल्यांना सांगायला नको. मी म्हटलं, "पुण्याची." डिप्लोमा पुण्यात केला होता, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. आडनाव गिळलं आणि नुसतं नवऱ्याचं नाव पुढे केलं: वर्षा राजेश. राजेश इथून जवळच, अस्कर नावाच्या गावी, अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात शिफ्टवर असतो, तो मंडळाकडे फिरकत नाही. "तुला हौस आहे, तू जा," म्हणतो. मुलगी झाली तेव्हा बाबांनी संघमित्रा सुचवलं होतं. मी रिया ठेवलं. त्यावरून कुणाला काही कळत नाही.

फोनचंही तेच. जवळ मराठी माणूस असलं की मी म्हणायची, "हां बाबा, बोला." पलीकडून "जय भीम" आलेलं असायचं, आणि मी ते ऐकलंच नाही असं करून पुढे जायची. त्यांच्या लक्षात येत नसेल असं मी धरून चालले. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, त्याच्या लक्षात काय येत नाही!

यंदा आमच्या वरच्या मजल्यावरच्या अमेरिकन कुटुंबाची बदली झाली. जाताना त्या बाईनं रियाला बिस्किटाचा डबाभर नाणी दिली, कारण इथले एक्स्चेंजवाले परदेशी नोटा घेतात, नाण्यांना हात लावत नाहीत. रिया अकरा वर्षांची. तिनं हॉलभर नाणी पसरली आणि नेटवर शोधशोध करून मला शिकवायला लागली. अमेरिकेच्या बहुतेक नाण्यांवर चेहऱ्याच्या जवळ बारीकसं अक्षर असतं. पी म्हणजे फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत पाडलेलं, डी म्हणजे डेन्व्हरच्या. देशाच्या पूर्वेकडे पी जास्त सापडतात, पश्चिमेकडे डी. नाणी हिंडतात, मिसळतात, पण ढीग लावला की कळतंच. हे कुटुंब व्हर्जिनियाचं, म्हणून डब्यात पी भरलेले. तिच्या वर्गातली एक मुलगी कॅलिफोर्नियाहून आलेली, तिच्याकडे डीच डी.

"आणि या पेनीवर तर काहीच नाही," मी म्हटलं.

"मम्मा, दॅट्स फिलाडेल्फिया टू! पेनीवर नो लेटर मीन्स फिलाडेल्फिया." मला एवढंही कसं कळत नाही, अशा सुरात तिनं सांगितलं.

मग तिला आपली नाणी हवी झाली. बाबांची ती चिल्लर मी खर्चलीच नव्हती, कपाटात एका पाकिटात होती. आपल्याकडे खूण सालाच्या खाली असते. मुंबईच्या टाकसाळीची छोटी चौकट, पत्त्यातल्यासारखी. हैदराबादची चांदणी. बाबांच्या चिल्लरमध्ये जिकडे तिकडे चांदण्या.

रिया गोंधळली. "बट वी आर फ्रॉम पुणे, राइट? मग डायमंड पाहिजे ना?"

"चिल्लर आहे ती, कुठूनही येते," म्हणून मी कुकर लावायला गेले. तिनं लगेच आजोबांना फोन लावला. स्वयंपाकघरात मला सगळं ऐकू येत होतं. "आजोबा, आपण पुण्याचे ना?" "आईला विचार, बाळा," बाबा म्हणाले. आणि खुणांचं ऐकल्यावर एकदम उत्साह! "अगं, आयुष्यभर खिशात घेऊन हिंडलो, कधी बघितलं नाही मी!" दुसऱ्या दिवशी त्यांनी किराणावाल्याला गल्ला उपसायला लावला म्हणे.

रियानं हेच मंडळाच्या मुलांच्या कार्यक्रमात मांडायचं ठरवलं. तक्ता केला, नाणी चिकटवली, छान बोलली. मी पहिल्या रांगेत फुशारून बसले होते. शेवटी ती म्हणाली, "नाऊ लाइव्ह, माझे आजोबा!" माझा फोन तिनं मला न सांगता मोठ्या पडद्याला जोडला होता.

पडद्यावर बाबा. इस्त्रीचा शर्ट, हातात नाणं. आणि देगलूरच्या स्टँडवरचा तोच आवाज, "जय भीम, मंडळी!"

मी धावले. उठून धावले हो, आणि फोनवर वाकून आवाज बंद केला. "नेटवर्क... इथलं नेटवर्क म्हणजे ना!" असं म्हणून हसलेसुद्धा. पडद्यावर बाबांचे ओठ हलत होते. मग थांबले. माझा चेहरा त्यांना अगदी जवळून दिसत असणार. आवाज सुरू केला तेव्हा त्यांनी हात जोडले आणि वर्गात परक्या साहेबासमोर बोलावं तसं सांभाळून म्हणाले, "नमस्कार. मी रियाचा आजोबा. पुण्याहून बोलतोय."

हातात चांदणीचं नाणं तसंच होतं. "आजोबा, यू आर इन देगलूर!" रिया ओरडली. हॉल हसला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

नंतर जेवताना मंडळातल्या एक वहिनी माझ्या ताटात चटणी वाढत म्हणाल्या, "अगं, एवढं काय घाबरतेस? आम्हाला पहिल्या दिवसापासून माहितीये. आडनाव सांगत नाही म्हटल्यावर कळतंच की." त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती, हेच जास्त लागलं. ती बिनअक्षराची पेनी आठवली. इतकी वर्षं मी लपले ते कुणापासून? फसलं कुणीच नाही. एका म्हाताऱ्या माणसाला मात्र, जो कलेक्टरसमोर बिचकला नाही, मी पोरीदेखत खोटं बोलायला लावलं.

त्या रात्री बाबांची माफी मागितली. "जाऊ दे की," म्हणाले. पण तेव्हापासून फोन आला की आधी विचारतात, "जवळ कुणी हाय का?"

परवा सलमानियाच्या हॉस्पिटलात रियाला घेऊन बसले होते. शेजारी त्याच वहिनी. फोन वाजला. "जवळ कुणी हाय का?"

"हायेत, बाबा. जय भीम!" मी म्हटलं, चांगलं मोठ्यानं. दोन-चार माना वळल्या. वहिनींनी पर्समधलं काहीतरी शोधल्यासारखं केलं.

मग बाबा म्हणाले, "जय भीम, बाई." पण हळूच, तोंडाशी हात धरून बोलावं तसं.

आता कुणी विचारलं तर मी देगलूर सांगते, आडनावासकट. रियालाही सांगितलंय. पण घर म्हणून मला जे आठवतं ते गाव नाही, भर स्टँडवर माना वळवणारा तो आवाज आहे, आणि तो मी एका बोटानं बंद केला. आता रोज मी मोठ्यानं म्हणते. बाबा अजून हळूच उत्तर देतात.