माळ्यावरची काकू

माझी थोरली काकू माळ्यावर राहते, असं मी लहानपणी बरीच वर्षं धरून चाललो होतो. त्याला कारणही तसंच होतं. काकूचा आवाज नेहमी वरून यायचा. मी जेवायला बसलो की डोक्यावरच्या तक्तपोशीतून, म्हणजे छताला मारलेल्या लाकडी फळ्यांमधून, ‘भात चावून खावा, गिळू नये’ असं ऐकू यायचं आणि मी वर बघून मान हलवायचो. बालवाडीत बाईंनी विचारलं, घरात कोण कोण असतं? मी सांगून टाकलं, आई, बाबा आणि माळ्यावर काकू. दुसऱ्याच दिवशी बाईंनी बाबांना बाजूला घेऊन समज दिली की, घरातल्या बाईमाणसाला असं माळ्यावर ठेवणं बरं नव्हे.

खरी गोष्ट अशी की काकू भिंतीपलीकडे राहायची. पेणमधलं आमचं कौलारू घर बाबा आणि काका या दोघा भावांत वाटलं गेलं, तेव्हा मधोमध एक भिंत उभी राहिली. ती छतापर्यंत आली आणि थांबली. वरचा माळा होता तसाच राहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. दोन फुटके रांजण आणि उंदीर एवढीच तिथली इस्टेट, ती कोण वाटत बसणार? त्यामुळे इकडे बोललेलं माळ्यावर चढायचं आणि तिकडे उतरायचं. तिकडचं इकडे उतरायला तर अजिबात वेळ लागत नसे, कारण काकूचा आवाज मुळातच खणखणीत होता.

वाटणी भावांची असली तरी भांडण जावांचं होतं. आईच्या पोह्याच्या पापडात पापडखार जास्त पडतो, असं काकू कुठल्याशा हळदीकुंकवाला चार बायकांत बोलून गेली. पेणमध्ये बाईच्या माहेराला नाव ठेवलेलं एक वेळ खपतं, पापडाला ठेवलेलं खपत नाही. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. बाबा आणि काका मात्र रोज नाक्यावर एकत्र चहा प्यायचे आणि घरी येताना एकजण पुढे, दुसरा थोड्या वेळानं मागून, असे यायचे. दोघंही पुढे वारले, पण आपल्या बायकांना हे ठाऊक होतं, याचा त्यांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

बोलणं बंद म्हणजे काकूनं तोंड बंद ठेवलं होतं, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. तिनं त्यावर तोड काढली होती. ती आढ्याशी बोलायची. सुरुवात ठरलेली असे. ‘मी काय कोणाला बोलत नाय. मी आपली आढ्याला सांगतेय.’ एवढं म्हटलं की पुढे वाटेल ते बोलायला ती मोकळी. गॅसवाला आलाय, नळाला पाणी येणार नाही, अमक्याच्या मुलीचं जमलं, तमक्याचं मोडलं, हे सगळं आमच्या घरात आढ्याच्या मार्फत पोचायचं. आईसुद्धा काही कमी नव्हती. ‘नंदू, आढ्याला म्हणावं, आम्हाला कालच कळलं,’ असं ती मला मोठ्यानं सांगायची. मग मी ते आढ्याला सांगावं अशी अपेक्षा असे आणि मी इमानेइतबारे सांगायचो.

काकूच्या कानांना स्वयंपाकातलंही सगळं कळायचं. आईनं फोडणी टाकली की वरून आवाज येई, ‘मोहरी तडतडली नाय अजून. कांदा घालायची घाई कोणाला झालीय?’ आईचा हात कढईवर थांबायचा. मोहरी तडतडेपर्यंत ती दात आवळून उभी राहायची आणि मग मला सांगायची, ‘मी थांबणारच होते.’ एकदा आमचा टीव्ही बिघडला, तेव्हा काकूनं आईच्या आवडीची मालिका आढ्याला सांगायला घेतली. ‘आता ती रडतेय. साडी निळी हाय. सासू आली. आता दोघी रडतायत.’ टीव्ही दुरुस्त होऊन आला तरी आई काही दिवस तो बंदच ठेवायची. काकूच्या तोंडून मालिका जास्त भराभर पुढे सरकते, असं तिचं म्हणणं पडलं.

एकदा आईला ताप भरला. मी डोलवीच्या बाजूला कंपनीत कामाला लागलो होतो आणि नेमकी दुसरी शिफ्ट होती. दुपारभर आई खोकत पडली होती. मग तिला जरा झोप लागली आणि खोकला थांबला. थोड्या वेळानं माळ्यावरून आवाज आला, ‘कोणी मेलं-बिलं असंल तर सांगा. भाकऱ्या किती टाकायच्या ते मला ठरवायचंय.’ आई संतापली आणि घर दणाणेल एवढी खोकली. ‘व्हय, कळलं,’ काकू म्हणाली आणि तव्याचा आवाज सुरू झाला. मी घरी आलो तर आईसमोर भाकरी आणि कुळथाची पिठी. कोणी आणली, म्हणून विचारलं तर आई म्हणाली, ‘उंबऱ्यावर होती. मांजरीनं ठेवली असंल.’ भाकरी तिनं शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

पुढे मी घराचं छत उंच करायचं मनावर घेतलं. आमचं छत इतकं ठेंगणं होतं की बनियन काढताना आधी पंखा बंद करावा लागे. वैशाखात तर आत बसवत नसे. आईनं होकार दिला, पण एका अटीवर. छत वर जाईल तशी मधली भिंतही वर जायला हवी, थेट कौलांना भिडेपर्यंत. ‘एकदाचं ते तोंड बंद व्हायला हवं,’ असं ती म्हणाली. अर्थात हे ती कुजबुजत म्हणाली आणि अर्थात ते पलीकडे ऐकू गेलं. तिकडून फक्त भांडी आपटल्याचा आवाज आला.

पेणचे सगळे मिस्त्री काकूच्या हातचं खाल्लेले, म्हणून आईनं मुद्दाम रोह्याहून हरेश मिस्त्रीला बोलावलं. छप्पर पेलणारा लाकडी त्रिकोण असतो त्याला कैची म्हणतात, तिच्या खालच्या आडव्या तुळईलाच आमच्या छताच्या फळ्या मारलेल्या होत्या. छत उंच करायचं तर ती तुळई वर न्यायला हवी. मिस्त्री आईला समजावून सांगत होता, ‘ही तुळई हाय म्हणून छप्पर पाय आवरून बसलंय. ती काढली तर फतकल मारील आणि भिंती बाहेर ढकलील. म्हणून आधी वर नवी तुळई बसवायची, लोखंडी पट्ट्यांनी वाशांना जखडायची आणि मग खालची कापायची.’

‘आणि आधी खालचीच कापली तर?’

‘तर कौलं जेवायला खाली येतील, आई,’ मिस्त्री हसून म्हणाला. आईनं तोंडही उघडलेलं नव्हतं, हे त्याच्या मागाहून लक्षात आलं.

त्यानं वर बघितलं, मग आमच्याकडे बघितलं आणि टॉर्च घेऊन माळ्यावर चढला. क्षणभरात त्याची किंकाळी ऐकू आली. पलीकडच्या बाजूनं काकू शिडीवर चढून, माळ्याच्या झडपेतून नुसतं डोकं बाहेर काढून त्याची वाट बघत होती. ‘मिस्त्री, घाबरू नको. चा घेणार काय?’ तिनं विचारलं. मिस्त्री खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात चकल्या होत्या. तो रोह्यात कुठल्या आळीत राहतो, बायकोचं माहेर कुठलं, सगळं काकूनं काढून घेतलं होतं. वर तो काकूच्या लेकीच्या, शोभाताईच्या, अगदी शेजारचा निघाला. आईचं रोहा गाठणं फुकट गेलं.

मग कामाचे दिवस फार मजेत गेले. मिस्त्री वर कैचीवर बसून भोकं पाडायचा आणि झडपेतून त्याला गरम पोहे मिळायचे. आईला हे सहन होईना, म्हणून तिनं खालून शिरा द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी वरून घावणे आले. त्यावर आईनं मोदक केले, तेही चतुर्थी नसताना. मिस्त्रीचं काम रेंगाळलं, याचा दोष मी त्याला देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर छत अजून उंच झालं नसतं.

नव्या तुळया बसल्या, जुन्या कापल्या, फळ्या उतरल्या. घरात उजेड आला. आता फक्त भिंत वर न्यायची राहिली होती. त्या संध्याकाळी काकूचा फोन वाजला. काकू फोन नेहमी स्पीकरवर ठेवायची. मिस्त्रीनं घरी जाऊन शेजारधर्म पाळला होता, त्यामुळे शोभाताईला सगळं समजलं होतं.

‘आई, भिंत वर जाणार म्हणतात ते खरं काय?’

‘व्हय.’

‘मग तू रोह्याला यायचंस. माझं ऐक. मी आतापर्यंत तुला एकटीला राहू दिलं ते काकीच्या जिवावर. तू पडलीस, झडलीस तर तिला ऐकू जाईल, म्हणून मला झोप लागायची. आता कोणाला ऐकू जाणार?’

एरवी काकूनं आढ्याला साक्षी ठेवून लेकीची हजेरी घेतली असती. रोह्याचं पाणी, रोह्याची हवा, जावयाचं घोरणं, सगळं काढलं असतं. ती फक्त एवढंच म्हणाली, ‘भिंत झाली का येईन.’ फोन ठेवल्यावर ती आढ्याशी एक अक्षर बोलली नाही. आईनं फोडणी टाकली. मोहरी करपून काळी झाली तरी वरून कोणी काही म्हणालं नाही. आईनं कढई खाली उतरवून ठेवली आणि त्या दिवशी आम्ही दही-भात खाल्ला.

सकाळी मिस्त्री आला आणि भिंतीसाठी सिमेंटचे ब्लॉक किती मागवायचे म्हणून विचारू लागला.

‘भिंत हाय तेवढीच ऱ्हाऊ दे,’ आई म्हणाली.

‘पण आई, आता छतही मधे नाय. पलीकडचं सगळं ऐकू येईल.’

‘येऊ दे. भिंत वर नेली का वारा अडतो.’

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. वारा त्या बाजूनं जन्मात कधी आला नव्हता. पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, ‘मी काय कोणाला बोलत नाय. मी आपली आढ्याला सांगतेय. पंखा मधोमध लावा, कडेला लावाल तर झुरळांनाच वारा लागंल.’ आईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय करत होती, हे ती पाठमोरी असल्यानं मला दिसलं नाही.

त्यानंतरची वर्षं काकूनं अगदी राज्य केलं. मधल्या फळ्या गेल्यामुळे तिचा आवाज आता आमच्या खोलीत घुमायचा. ‘छत उंच केलं म्हणून माणसं काय उंच व्हत नाय,’ हे तिचं आवडतं वाक्य झालं. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं, तेव्हा मुलीकडची माणसं बसलेली असताना ती मध्येच आढ्याला सांगायची की, मुलगा घोरत नाय, मी ऐकते ना रोज. त्या सोयरिकीतलं एक माणूस पोह्यांची बशी हातात धरून कितीतरी वेळ वर बघत बसलं होतं. लग्न तिथेच जमलं. माझी बायको अजून म्हणते की, आपण हो म्हटलं ते काकूंच्या शब्दावर.

मग गेल्या वर्षी एका दुपारी पलीकडे मोठ्ठा आवाज झाला. पातेलं पडल्याचा. आई अनवाणी धावली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकूच्या दारातून आत गेली. काकू मोरीपाशी पडली होती, कमरेतून हलता येत नव्हतं. हात लांबवून तिनं मांडणीवरचं सगळ्यात मोठं पातेलं खाली ढकललं होतं.

‘हाक नाय मारता आली?’ आई ओरडली.

‘कोणत्या नावानं मारू गो?’ काकू म्हणाली. ‘सवय ऱ्हायली नाय.’

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं आणि शोभाताई तिला रोह्याला घेऊन गेली. आई आणि मी एसटीनं भेटायला जायचो. ताईचं घर स्लॅबचं, चकचकीत. काकू खाटेवर पडलेली आणि आई शेजारी खुर्चीवर. समोरासमोर बसल्या की दोघींना काही सुचायचं नाही. एकदा बऱ्याच वेळानं काकू छताकडे बघत म्हणाली, ‘ही स्लॅब. हिला काय सांगणार? हिला काय ऐकायलाच येत नाय.’ तेव्हा आईही वर बघायला लागली आणि वर बघतच तिनं पेणच्या सगळ्या बातम्या सांगितल्या. काकू ऐकत राहिली. मधे एकदा ‘आमाला कालच कळलं’ असंही म्हणाली आणि खुशीत हसली. अशाच दोन-चार भेटी झाल्या. नंतर शोभाताईचाच फोन आला. काकूवर माझा किती जीव होता हे मला तेव्हा समजलं, कारण फोन ठेवल्यावर काकू गेली हे मला आईला सांगता येईना.

दिवसकार्य आटोपून आम्ही पेणला परत आलो. आई दोन दिवस घरात नुसती फिरत होती. टीव्ही लावायची, बंद करायची. तिसऱ्या दिवशी मी कामावर निघालो तेव्हा ती म्हणाली, ‘हरेश मिस्त्रीला बोलव. भिंत वर घ्यायची. पार कौलांपर्यंत.’

‘आता कशाला?’ मी म्हटलं. ‘आता कोण बोलतंय तिकडून?’

‘तेच तर,’ आई म्हणाली. ‘बोलणं यायचं ते सगळं ऐकलं मी. हे काहीच येत नाय, ते नाय ऐकवत मला.’