पाचला अजून वेळ आहे

तर हे आमचे मिनिटकाका. खरं नाव त्यांच्या बायकोलाही हल्ली आठवत नाही, मग तुम्हाआम्हाला कळून काय उपयोग! धंदा घड्याळदुरुस्तीचा. बसस्टँडसमोर, चपलांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये चिमटलेली त्यांची टपरीवजा खोली. येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारावं, "काका, किती वाजले?" आणि काकांनी सांगावं, "चार सत्तावीस." साडेचार म्हणा ना हो! पण नाही. चार सत्तावीस म्हणजे चार सत्तावीस. तिथूनच हे नाव पडलं.

खोलीच्या भिंतीवर साठेक घड्याळं. कुठलं दुरुस्त झालेलं, कुठलं व्हायचं, कुठल्याचा मालक वारलेला. साठ घड्याळं म्हणजे साठ वेळा, सगळ्या एकदम टिकटिकणाऱ्या. नवखा माणूस अर्ध्या तासात भंजाळला असता. काकांनी त्यावर एक तोडगा काढलेला होता. खरी वेळ मनगटावरची, बाकी सगळी बडबड. गावोगावच्या मोठ्या घड्याळांच्या दुरुस्तीला जात, तेव्हा स्टँडवर उतरले की आधी चौकातल्या घड्याळाखाली उभे राहणार, 'ज्या गावात उतरलो तिथली वेळ खरी' म्हणत मनगटावरचं त्याला मिळवून घेणार आणि मगच चहा. एकदा काटा लावला की आधीची वेळ डोक्यातून साफ पुसून टाकायची. चाळीस वर्षं डोकं शाबूत राहिलं ते या सवयीमुळे.

भिंतीवर घड्याळांच्या मधोमध एक कॅलेंडर. वर्ष केव्हाच उलटून गेलं, चित्र तेवढं राहिलं. कुठल्यातरी बेटावरचं दोन हजार वर्षं जुनं बंदर, पाण्यात उतरलेल्या दगडी पायऱ्या, पांढरी घरं, घड्याळाचा मनोरा, आणि ऊन असं की चित्राकडे बघतानाही डोळे बारीक व्हावेत. काकू दुपारी डबा घेऊन यायच्या, काकांचं जेवण होईपर्यंत त्या चित्रापुढे उभ्या राहायच्या. "अहो, इथे एकदा जाऊया हं."

"जाऊ की," काका म्हणायचे. डोळ्याचं भिंगसुद्धा न काढता. चाळीस वर्षं हा माणूस "जाऊ की" म्हणत होता! काय बोलावं सांगा.

मग दोन वर्षांपूर्वी काकूंचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग किल्ल्या, मग शेजारीण, मग मुलगी. राहिलं ते एकच, घड्याळ वाचणं. एवढ्या वर्षांचा संसारच घड्याळवाल्याशी, ते कसं जाणार! दर पाच मिनिटांनी विचारायच्या, "किती वाजले?" आणि काका दर वेळी मिनिटासकट सांगायचे. त्यांना बाहेर जायचं असलं की काकूंच्या मांडीवर एक हिरवं टेबलघड्याळ ठेवायचं आणि सांगायचं, "छोटा काटा पाचावर आला की मी दारात." मग काकू खुर्चीतून हलायच्या नाहीत. पाचपर्यंत खुशाल बसायच्या. पण पाच वाजून गेले की संपलं. उठायच्या आणि त्यांना शोधायला निघायच्या. एकदा बँकेत रांग होती, काकांना वीस मिनिटं उशीर झाला, तर काकू अनवाणी हमरस्त्याच्या मधोमध सापडल्या. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून वाचल्या. त्या दिवसानंतर काकांना एका मिनिटाचाही उशीर झाला नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, आईला तेवढं ते बंदर दाखवून आणा. आता नाही तर कधी?" तिनंच सगळं ठरवलं. आठ दिवसांचा जहाजाचा प्रवास, जुनी बंदरं, उन्हातली बेटं, आणि सहाव्या दिवशी थेट कॅलेंडरमधलं ते बंदर. तिला नोकरीतून सुटी मिळेना, म्हणून दोघंच निघाले.

जहाज कसलं, बारा मजल्यांचं गावच ते. दोघांना मिळाली आतली, बिनखिडकीची खोली. रोज सकाळी दाराखालून कागद सरकायचा. त्यात तळाशी ठळक अक्षरांत छापलेलं असायचं, की बेटांवरची वेळ वेगळी असू शकते, प्रवाशांनी आपली घड्याळं जहाजाच्या वेळेवरच ठेवावीत. काकांनी पहिल्या दिवशी वाचलं आणि हसले. "आता वेळ मला हे शिकवणार!" पहिल्या चार बंदरांवर वेळ सारखीच निघाली, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही.

सहाव्या दिवशी काकू खोलीतून निघेनात. जहाजातून खाली उतरायची ती हलती शिडी त्यांनी आदल्या बंदरावर पाहिली होती, आणि काय विसरल्या नसतील तर नेमकं तेवढंच. पलंगाची कड घट्ट धरून बसल्या. काका हात जोडून म्हणाले, "अगं, तुझं बंदर आलंय. ते कॅलेंडरमधलं." काकू म्हणाल्या, "तुम्ही बघून या. आणि मला सांगा."

जावं की न जावं? काका दारापर्यंत गेले, परत आले, परत गेले. शेवटी खोली झाडायला येणारी बाई, ती आपल्याच मुलखातली, म्हणाली, "जा काका, मी येता-जाता बघते." मग त्यांनी हिरवं घड्याळ काकूंच्या मांडीवर ठेवलं. "छोटा काटा पाचावर आला की मी दारात. कळलं?" जहाज सुटणार होतं साडेपाचला, त्याआधी पाऊण तास सगळ्यांनी चढायचं होतं. मोबाइल खोलीतच चार्जिंगला राहिला. तो सोबत न्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मोबाइलमध्ये वेळ बघायची म्हणजे त्यांना आपल्या चाळीस वर्षांचा अपमान वाटायचा.

बंदर हुबेहूब चित्रासारखं होतं. त्याच पायऱ्या, तेच ऊन. फक्त ज्यांना बघायचं होतं त्या शेजारी नव्हत्या. काका मनोऱ्याखाली जाऊन उभे राहिले आणि मान वर केली. मनोऱ्यावर दोन वाजून दहा, मनगटावर तीन वाजून दहा. इथली वेळ एक तास मागे, हे त्यांना लगेच कळलं. कळलं म्हणजे चांगलं कळलं. पण तोवर बोटांनी आपलं काम करून टाकलं होतं. किल्ली ओढली, काटा मागे घेतला, किल्ली दाबली. चाळीस वर्षांची बोटं, ती काय डोक्याला विचारून चालतात? 'परतताना एक तास धरायचा,' असं काका मनाशी म्हणाले. खरंच म्हणाले. आणि मग मनोऱ्याचा राखणदार भेटला.

म्हातारा दारातच तेलाची बाटली घेऊन बसलेला. काकांनी बाटलीकडे पाहिलं, त्यानं काकांच्या खिशातल्या भिंगाकडे पाहिलं. झालं! दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि गरजही पडली नाही. एकशेचाळीस पायऱ्या चढून दोघं वर गेले. पितळी दातेरी चाकं परातीएवढी. लंबक काकांच्या उंचीचा. घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागे पडत होतं, म्हाताऱ्यानं बोटं दाखवून सांगितलं. काकांनी बाह्या सरसावल्या. लंबकाचं वजन केसभर वर घ्यायचं, मिनिटं मोजायची, मनगटाशी ताडायची, पुन्हा केसभर. मनगटाकडे त्यांनी पन्नासदा पाहिलं असेल, पण प्रत्येक वेळी मिनिटकाट्याकडे.

आणि खरं सांगू? काका सुखात होते. दोन वर्षांत पहिल्यांदाच इतका वेळ कुणी त्यांना "किती वाजले" विचारलं नव्हतं. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि तरी ते आणखी थोडा वेळ थांबले.

भोंगा वाजला तेव्हा मनगटावर साडेचार झाले होते. काकांच्या मनात आलं, दुसरं कुठलं जहाज असेल. खिडकीतून सहज डोकावले. पिवळ्या धुराड्याचं जहाज धक्क्यापासून सुटलं होतं. मध्ये पाण्याचा पट्टा दिसत होता, हातभर, मग गल्लीएवढा, मग रस्त्याएवढा. आपलंच जहाज. काकांनी मनगटाकडे पाहिलं. साडेचार. पुन्हा पाहिलं. आणि तो पुसून टाकलेला तास एकदम परत आला.

एकशेचाळीस पायऱ्या ते कसे उतरले, त्यांचं त्यांना माहीत नाही. "थांबा! अहो थांबा! माझी बायको आहे आत!" धक्क्यावर ओरडत धावणाऱ्या म्हाताऱ्याकडे लोक वळून बघत राहिले. बारा मजल्यांच्या गावाला ते ऐकू येणार होतं थोडंच. काका दगडी पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

जहाज कंपनीचा बंदरावरचा एजंट, तोही आपल्याकडचाच, छत्री मिटत आला. असं होतं म्हणे अधूनमधून, त्याला नवल नव्हतं. "तुमचं नाव चार वेळा पुकारलं हो." जहाजानं सुटण्याआधी त्याच्याकडे दिलेली कापडी पिशवी त्यानं पुढे केली. "पासपोर्ट यात आहे. उद्या संध्याकाळचं विमान, परवा सकाळी पुढच्या बंदरावर जहाज गाठाल. उद्याचा दिवस ते समुद्रातच असतं. काही करता येत नाही."

"परवा?" काका म्हणाले. "अहो, तिला पाचनंतर कुणी आवरू शकत नाही. ती दार उघडून निघेल. जहाजावर जाईल कुठे ती? सगळीकडे कठडे आणि पाणी!"

"सांगितलंय त्यांना. लक्ष ठेवतील." पण पाच हजार माणसांच्या जहाजावर कोण कुणावर लक्ष ठेवणार, हे त्यालाही ठाऊक होतं. तो छत्रीच्या दांड्याकडे बघत होता.

काकांनी पिशवी उघडली. पासपोर्ट, त्यांच्या गोळ्या, आणि तळाशी हिरवं टेबलघड्याळ. चालू. पाच एक्कावन्न.

"ते होय," एजंट म्हणाला. "तुमचा पासपोर्ट न्यायला पाचच्या आधीच माणूस खोलीत आला, तेव्हा तुमच्या मिसेसनी त्याच्या हातात दिलं म्हणे. झाडणाऱ्या बाईनं निरोप दिलाय. त्या म्हणाल्या, हे त्या घड्याळवाल्याचं आहे, बिचारा विसरून गेला, त्याला पोचवा."

काकांना एवढंच समजलं, की तिच्या मांडीवर आता काहीच नाही.

एजंटचं ऑफिस धक्क्यालाच होतं. एक टेबल, एक पंखा, एक फोन. त्यानं जहाजाला फोन लावला, तिथून खोलीत जोडून घेतला आणि रिसीव्हर काकांच्या हातात दिला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. निघाली बहुतेक, असं काकांना वाटलं. मग फोन उचलला.

"कोण?"

"अगं, मी."

"आमचे हे घरी नाहीत," काकू म्हणाल्या. अगदी परक्याशी बोलावं तसं, नीट. "पाचला येतात. अहो, किती वाजले? मला वाटतं झाले पाच. मी बघून येते रस्त्यावर."

काकांनी मनगटाकडे पाहिलं. पाच सात. मांडीवर घेतलेल्या हिरव्या घड्याळाकडे पाहिलं. सहा सात. आयुष्यात त्यांनी कुणाला एका मिनिटानं चुकीची वेळ सांगितली नव्हती.

"नाही, नाही. बसा तुम्ही," ते म्हणाले. बायकोला ते पहिल्यांदाच तुम्ही म्हणत होते. "पाचला अजून वेळ आहे. चार चाळीस झालेत."

"चार चाळीस," काकूंनी म्हणून बघितलं. "मग येतीलच." आणि फोन ठेवून दिला.

काकांनी रिसीव्हर खाली ठेवला नाही. "दहा मिनिटांनी पुन्हा जोडून द्याल?" त्यांनी विचारलं. "मग पुन्हा दहा मिनिटांनी. परवा सकाळपर्यंत. मी इथेच बसतो, एका कोपऱ्यात."

एजंटनं छत्री उचलली. त्याला वाईट वाटत होतं, ते तोंडावर दिसत होतं.

"ऑफिस सहाला बंद होतं हो, काका."